गावाकडचे जुने पीसी, हॅण्डहेल्ड आणि लिनक्सवरचे गेम: अनुभव, अडचणी, प्रश्न

कापूसगाठ (धागाकर्ता)

राजेहो, नमस्कार.

दारव्हा तालुक्यात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. जोडीला झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले, तेव्हापासून गिऱ्हाईक एकच गोष्ट विचारत येतं: "भाऊ, माझ्या पीसीवर अकरा चढत नाही म्हणते, आता काय करू?" आपल्याकडे ज्यांच्या घरी पीसी आहे त्यांच्याकडे बहुतेक नागपूर-अमरावतीहून आणलेला, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला डेल नाहीतर एचपी असतो. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे हे सगळे पीसी नियमाबाहेर, आणि मशीन मात्र ठणठणीत.

मी अशा पीसींवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून देतो. मोठी माणसं लगेच तयार होतात, त्यांना ब्राउझर आणि यूट्यूब पुरतं. अडून बसतात ती पोट्टी. "मग गेमचं काय?" काही वर्षांपूर्वी या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. आज आहे, आणि ते मराठीत कुठंतरी सविस्तर असावं म्हणून हा धागा काढतो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्टीम डेकसारखी हॅण्डहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायची यंत्रं आपल्यातल्या फार थोड्यांच्या हातात येतील. पण त्या यंत्रांसाठी जे काम झालं, ते जसंच्या तसं आपल्या टेबलाखालच्या जुन्या सीपीयूपर्यंत पोचलं आहे, तेही फुकट. खेड्यातल्या पोरांसाठी यातली खरी बातमी ही आहे. फक्त कोणतं हार्डवेअर चालतं आणि कोणतं नाही, हे पैसे मोजण्याआधी कळायला पाहिजे.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय "हे फुकट कसं काय" हे कळत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ यायच्या बेतात होतं, तेव्हा स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या गेब न्यूवेल यांनी ते पीसीवाल्यांसाठी मोठं संकट असल्याचं जाहीरपणे म्हटलं होतं. विंडोजच्या आत मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान आलं होतं. उद्या बाकीच्यांना दार बंद झालं तर स्टीमनं जायचं कुठं? फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम अधिकृतपणे लिनक्सवर आलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे पीसी बाजारात आले आणि आपटले. प्रत्येक गेम कंपनीनं लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी अशी त्यात अपेक्षा होती. मूठभर गिऱ्हाइकांसाठी कोण एवढा खर्च करणार?

ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आलं आणि सगळा हिशोब बदलला. आता कंपनीनं काही वेगळं करायची गरज नाही, विंडोजचाच गेम लिनक्सवर चालवायचा. प्रोटॉनच्या पोटात वाइन आहे. ते १९९३ पासून सुरू असलेलं काम आहे. गेम विंडोजकडे जे मागतो (फाइल उघड, आवाज वाजव, माउस कुठं आहे सांग) ते वाइन लिनक्सकडून आणून देतं. प्रोसेसरच्या सूचना थेट प्रोसेसरवरच चालतात, त्यामुळे अख्ख्या मशीनची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरसारखी रड नाही. अडचण होती ग्राफिक्सची. विंडोजचे गेम डायरेक्टएक्समध्ये बोलतात, लिनक्सचे ड्रायव्हर व्हल्कनमध्ये. फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रामरला निअर: ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. त्यासाठी त्यानं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं, आणि आज डायरेक्टएक्स ८ पासून ११ पर्यंतचे गेम त्याच्या जिवावर चालतात. डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन आहे. एका माणसाला एक गेम खेळायचा होता, त्यातून हे उभं राहिलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक आलं. हातात मावणारा पीसी, एएमडीची चिप, आणि आत आर्च लिनक्सवर बेतलेलं स्टीमओएस. तेव्हापासून गेम कंपन्यांसमोर एक ठरावीक लिनक्स यंत्र आलं. डेकवर आपल्या गेमला हिरवी खूण मिळावी म्हणून त्या स्वतःहून बारीकसारीक दुरुस्त्या करायला लागल्या. त्या दुरुस्त्या, ते ड्रायव्हर, ते प्रोटॉन हे सगळं कोणत्याही लिनक्स पीसीवर मिळतं.

माझ्या दुकानातल्या नमुन्याच्या पीसीवर आय-फाइव्ह ६५००, १६ जीबी रॅम आणि चिपमधलंच एचडी ५३० ग्राफिक्स आहे, वेगळं कार्ड नाही. ओएस लिनक्स मिंट, लिनक्सचाच एक सोपा प्रकार. त्यावर स्टार्ड्यू व्हॅली, हॉलो नाइट, पोर्टल २, लेफ्ट फोर डेड २ हे सगळे मस्त चालतात, यांच्या तर लिनक्स आवृत्त्याच आहेत. प्रोटॉनवर हेडिस चालतो. एज ऑफ एम्पायर्स २ ची नवी आवृत्ती सेटिंग कमी करून चालते. जीटीए ५ ची स्टोरी ७२०पी वर खेळण्याजोगी आहे, गर्दीच्या रस्त्यावर थोडी दमते. तुमचे अनुभव लिहा, प्रश्न विचारा. पीसीचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड नक्की सांगा, नाहीतर उत्तर देता येत नाही.

रणगाडा_पुसद

भाऊ, तुमचं सारं बराबर हाय. पण व्हॅलोरंट चालते काय? आन बीजीएमआय? आमच्या गावातले पोट्टे रात्रंदिवस त्याच्यातच रायतात. त्याइले हॉलो नाइट सांगतलं त मले वेड्यात काढतीन.

कापूसगाठ

व्हॅलोरंट नाही. फोर्टनाइट नाही. बीजीएमआय तर मुळात मोबाइलचा गेम, तो मोबाइलवरच खेळावा. ज्याचा जीव याच तीन गेममध्ये अडकला आहे त्यानं लिनक्सकडे येऊ नये, हे मी दुकानातही आधीच सांगतो. उगाच माणसाला आशा लावायची नाही.

काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र फुकट आहेत, दोन्ही थेट लिनक्सवर चालतात. काउंटर-स्ट्राइक २ ला एचडी ५३० पुरत नाही, कार्ड लागतं. जुना काउंटर-स्ट्राइक १.६ कुठंही पळतो.

धानपट्टा

गोंदिया जिल्ह्यातून लिहितो आहे, पोटापाण्यासाठी हैदराबादला प्रोग्रामिंग करतो. व्हॅलोरंटसारखे गेम अडतात ते अँटी-चीटमुळे, म्हणजे गेममधली चीटिंग पकडणाऱ्या प्रोग्राममुळे. त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण याबाबत फार गैरसमज आहेत.

हे गेम लिनक्सला जमत नाहीत म्हणून बंद आहेत असं नाही. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात बसतं आणि पीसी सुरू झाल्यापासून लक्ष ठेवतं. प्रोटॉन गेमपुरतं विंडोजचं काम करतं. त्याच्याखाली विंडोजचा कर्नलच नसतो, मग व्हॅनगार्ड बसणार कुठं?

ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी मात्र २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय करून ठेवली आहे. ती वापरायची की नाही हे गेम कंपनीच्या हातात असतं. म्हणून एकाच अँटी-चीटचा एक गेम चालतो आणि दुसरा नाही. आणि चालणारा गेम बंदही पडू शकतो. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर छान चालत होता, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी कंपनीनं दार लावलं, कारण दिलं चीटिंगचं. त्याच वर्षी सप्टेंबरात जीटीए ऑनलाइनला बॅटलआय जोडलं आणि लिनक्सवाले बाहेर पडले. स्टोरी मोड अजून चालतो.

म्हणून ऑनलाइन गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर नाव टाकून बघायचं. लोक स्वतःच्या मशीनची माहिती देऊन तिथं लिहितात. प्लॅटिनम, गोल्ड अशी श्रेणी असते, पण श्रेणीवर थांबू नका, ताजे शेरे वाचा. वर्षभरापूर्वीच्या प्लॅटिनमला ऑनलाइन गेमच्या बाबतीत काही अर्थ नाही.

संत्राबाग

वरूडहून लिहितो आहे, माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगा बडनेऱ्याला इंजिनिअरिंगला आहे. हॅण्डहेल्ड घेऊन द्या म्हणून मागे लागला आहे. अभ्यासालाही वापरीन म्हणतो. यंदा संत्र्याचा आंबिया बहार बरा निघाला, म्हणून नाही म्हणवत नाही. पण सत्तर हजारांच्या आसपासच्या वस्तूचं आपल्याला काही कळत नाही. कोणतं घ्यावं? खेड्यात दुरुस्ती होईल का?

पुण्यातला_वऱ्हाडी

काका, मी स्टीम डेक वापरतो म्हणून सांगतो.

स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकत मिळत नाही. माझं मावसभावानं परदेशातून आणलं. बाहेरून आयात करून विकणारे आहेत, पण मग वॉरंटी त्यांच्या शब्दावर. असूसचा आरओजी ॲलाय आणि लेनोव्होचा लीजन गो भारतात रीतसर मिळतात, पक्कं बिल मिळतं. वरूडहून तुम्हाला नागपूर आणि अमरावती दोन्ही हाताशी आहेत. घेण्याआधी दोन्हीकडच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून "हे मॉडेल इथंच उघडता का, की बाहेर पाठवता" एवढं विचारा. किमतीइतकंच ते महत्त्वाचं आहे.

ही यंत्रं विंडोजसह येतात. सात-आठ इंचांच्या पडद्यावर बोटानं विंडोज चालवणं त्रासाचं आहे, म्हणून बरेच जण त्यावर बॅझाइट टाकतात. ते फेडोरावर बेतलेलं लिनक्स आहे, सुरू केलं की थेट डेकसारखा गेमचा पडदा येतो. व्हॉल्व्हनंही मे २०२५ पासून स्टीमओएस इतरांच्या एएमडी यंत्रांसाठी खुलं करायला सुरुवात केली. त्याच महिन्यात लेनोव्होचा लीजन गो एस स्टीमओएससह आला, व्हॉल्व्हबाहेरच्या कंपनीचा तो पहिलाच हॅण्डहेल्ड. ॲलायसारख्या यंत्रावर तुमचा मुलगा स्वतः ओएस टाकणार असेल तर विंडोजचा रिकव्हरी पेनड्राइव्ह आधी करून ठेवायला सांगा.

अभ्यासाचं म्हणाल तर डॉक (मॉनिटर-कीबोर्ड जोडायचं उपकरण) आणि मॉनिटर लावून त्यावर काम होतं. पण खरं सांगू का? इंजिनिअरिंगच्या पोराला आधी लॅपटॉप. तो असेल तर मग हॅण्डहेल्डचा विचार करा. माझ्या पोटात एक आणि ओठात एक नाही काका, म्हणून सरळ लिहिलं.

संत्राबाग

लॅपटॉप आहे, मागच्या वर्षी घेतला. सर्व्हिस सेंटरचं विचारून बघतो. तुमचे उपकार आहेत बाप्पा.

अकोल्याचं_ऊन

हॅण्डहेल्ड घेणाऱ्यांनी आपल्या उन्हाळ्याचा विचार केला का? हे पुण्यात कळत नाही. जुलै २०२२ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली होती, तेव्हा व्हॉल्व्हनं सांगितलं होतं की डेक ० ते ३५ अंश हवेत सर्वांत चांगलं चालतं. आतली चिप १०० अंशांपर्यंत तग धरते, मग वेग कमी करते, आणि १०५ ला यंत्र बंद होतं. आपल्या अकोल्यात एप्रिल-मे महिन्यात ४५ च्या आसपास जातं. टिनाच्या खोलीत दुपारी बसलात तर ३५ ची मर्यादा खेळ सुरू व्हायच्या आधीच ओलांडलेली असते.

मी वापरतो तो उपाय. डेकवर उजवीकडच्या तीन ठिपक्यांच्या बटणानं मेनू उघडतो, त्यात चिपनं जास्तीत जास्त किती वॉट घ्यावेत हे ठरवता येतं. कमाल १५ असते. मी उन्हाळ्यात ८-९ वर बांधून टाकतो आणि पडद्याला ४० हर्ट्झ देतो, म्हणजे सेकंदाला ४० चित्रं. ४० ऐकायला कमी वाटतं. पण एका चित्रानंतर दुसरं यायला ३० वर ३३.३ मिलिसेकंद लागतात, ६० वर १६.७, आणि ४० वर २५. म्हणजे वेळेच्या हिशोबानं ४० हे बरोबर दोघांच्या मधोमध येतं. हाताला खेळ सफाईदार लागतो, पंखा ओरडत नाही, आणि बॅटरीही पुरते.

आणि कूलरसमोर बसून खेळू नका. आपल्या डेझर्ट कूलरची हवा दमट असते, पंखा तीच आत ओढतो. बाजूला बसा.

कापूसगाठ

हे मिलिसेकंदाचं गणित मी दुकानात लिहून लावणार आहे.

बॅटरीवरून लाइनीचा विषय काढतो. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. टॉवर पीसी यूपीएसवर पाच-दहा मिनिटं निघतो, तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचा. हॅण्डहेल्डला लाइन गेल्याचं कळतही नाही. पहिल्या डेकची बॅटरी ४० वॉट-अवर होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ओएलईडी पडद्याच्या डेकची ५०. जड गेमला पहिल्यात दोनेक तास, हलक्या गेमला त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्याहून मोठी सोय म्हणजे पॉवरचं बटण दाबलं की गेम आहे तिथंच झोपतो आणि पुन्हा दाबलं की तिथूनच उठतो. ओलिताला, रात्रपाळीला वावरात बसणाऱ्या पोरासाठी ही गोष्ट फार मोठी आहे. मोटर सुरू झाली, बटण दाबलं, उठून गेला.

चिखलदरा_मॅडम

नमस्कार. मी मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्या गावात हार्डवेअरपेक्षा इंटरनेटचा प्रश्न मोठा आहे. मोबाइलवर दिवसाला दोन जीबी. आजचे गेम ५०-१०० जीबीचे. हे उतरवायचे कसे? कुणी यावर काही मार्ग काढला आहे का?

शाळेत जुने संगणक आहेत, त्यांवर मुलांना खेळायला काय देता येईल तेही सांगा. विकतचं काही नको.

धानपट्टा

मॅडम, मार्ग आहेत, आणि मी सुट्टीत गावी येतो तेव्हा हेच करतो.

पहिला. फेब्रुवारी २०२३ पासून स्टीममध्ये एकाच नेटवर्कवरच्या दोन पीसींमध्ये गेम आपसात पाठवायची सोय आहे. एकाकडे गेम उतरवलेला आहे, दुसऱ्यानं तो विकत घेतलेला आहे आणि दोघं स्टीमवर मित्र आहेत, तर फाइली नेटवरून न येता थेट शेजारच्या पीसीवरून येतात. एक विंडोज आणि एक लिनक्स असलं तरी चालतं. दोन्ही पीसी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडले तर थोडं नेट लागतं, पण गेमचा मोठा भार तुमच्या पॅकमधून जात नाही. राउटर आणि लॅन केबल असेल तर वेग कितीतरी जास्त.

दुसरा, हार्ड डिस्क. शहरातल्या मित्राच्या स्टीमच्या फोल्डरमध्ये स्टीमॲप्स आणि त्यात कॉमन असतं, तिथं गेमच्या नावाचा फोल्डर सापडेल. तो कॉपी करून आणायचा, आपल्या पीसीवर त्याच जागी ठेवायचा, मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबायचं. स्टीम आधी असलेल्या फाइली तपासतं आणि फक्त कमी पडलेलं उतरवतं.

इथं एक सापळा आहे. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरूनच गेम चालवायला जाऊ नका. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी खोटा 'सी' ड्राइव्ह तयार करतं आणि त्यासाठी नावात अपूर्णविराम असलेली फाइल लागते. विंडोजला ते चिन्ह नावात चालत नाही, त्यामुळे गेम सुरूच होत नाही किंवा मध्येच बिघडतो. डिस्क फक्त वाहून न्यायला वापरा, गेम लिनक्सच्या ईएक्सटी४ भागात कॉपी करूनच चालवा.

तिसरा, जीओजी हे गेमचं दुसरं ऑनलाइन दुकान. तिथं घेतलेल्या गेमचा पूर्ण इन्स्टॉलर मिळतो, कुलूप नाही. अमरावतीला वायफायवर उतरवून पेनड्राइव्हवर गावी आणा, इन्स्टॉलला नेट लागत नाही. लिनक्सवर हिरोइक नावाच्या लाँचरमधून तो चालवता येतो.

कापूसगाठ

मॅडम, शाळेसाठी माझ्याकडून. सुपरटक्सकार्ट द्या, गाड्यांची शर्यत आहे, एकाच पीसीवर पडदा विभागून दोघं-तिघं खेळतात. लहानांसाठी जीकॉम्प्री. आठवी-नववीच्या मुलांना ० ए.डी. दाखवा, जुन्या साम्राज्यांच्या लढाया आहेत आणि त्यात मौर्यसुद्धा आहेत, हत्तींसकट. बॅटल फॉर वेस्नॉथही चांगला. हे सगळे मोफत आणि मुक्त आहेत, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतील. मी एका पेनड्राइव्हवर भरून अमरावतीपर्यंत पाठवू शकतो, पुढं तुमच्या शाळेकडे येणारं कुणी असेल तर सांगा.

ओएस निवडतानाही डेटाचा हिशोब करा. बॅझाइट मला मनापासून आवडतं. त्याची मुख्य प्रणाली केवळ वाचण्यापुरती असते, पोट्ट्यांनी काहीही केलं तरी सुरू करताना मागची आवृत्ती निवडली की गाडी पुन्हा रुळावर. पण त्याचे अपडेट जीबी-जीबीचे येतात. दोन जीबीच्या पॅकवर ते परवडत नाही. घरी फायबर असेल तर बॅझाइट, मोबाइलच्या नेटवर मिंट.

वणीची_खाण

माझा पीसी: आय-फाइव्ह ६५००, ८ जीबी, एनव्हिडिया जीटी ७३० चार जीबी. मिंट टाकलं, स्टीम टाकलं. जुने गेम चालतात, पण प्रोटॉनचा कोणताही गेम सुरू केला की काळा पडदा येऊन बंद. विकणारा म्हणाला होता चार जीबीचं कार्ड आहे, सगळं चालेल. कार्ड खराब आहे का?

कापूसगाठ

कार्ड खराब नाही दादा, जुनं आहे. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी दुकानात येतो म्हणून नीट सांगतो.

प्रोटॉन ८ पासून पुढं व्हल्कन १.३ लागतं. जीटी ७१०, ७३० ही केपलर घराण्याची कार्डं, त्यांचा ड्रायव्हर ४७० या शाखेवर थांबला आणि तिथं व्हल्कन १.२ पर्यंतच आहे. त्यातही ७३० नावानं दोन वेगळ्या घराण्यांची कार्डं विकली गेली. १२८-बिट डीडीआर३ वालं तर त्याहून जुनं, फर्मी घराण्याचं आहे, त्याला व्हल्कनच नाही. चार जीबी मेमरी आहे यावरून यातलं काहीच कळत नाही.

तुमच्याकडे करण्यासारखं असं: स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथं प्रोटॉन ७.० निवडा. केपलर असेल तर बरेच गेम उठतील. किंवा सरळ कार्ड काढा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा. तुमच्या प्रोसेसरमधलं एचडी ५३० व्हल्कन १.३ झेपवतं. वेगळं कार्ड म्हणजे चांगलं, असं दरवेळी नसतं.

सगळ्यांसाठी: सेकंडहँड पीसी घेताना चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका. ऑफिसच्या कामाला तो उत्तम आहे, पण त्याच्या ग्राफिक्सचा व्हल्कन आधार लिनक्सवर अर्धवटच राहिला. गेमसाठी सहावी पिढी ही खालची पायरी समजा.

सेतूवाला

सगळे लिनक्सची आरती करता आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्याकडे सेवा केंद्राचं काम आहे. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं डोंगल, टॅली, दोन प्रकारचे प्रिंटर. यातलं निम्मं लिनक्सवर चालवायला जाल तर गिऱ्हाईक दारातून परत जाईल. आणि स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सवाले किती? तीन टक्के. तीन टक्क्यांसाठी जग बदलत नसतं.

कापूसगाठ

दादा, पहिल्या मुद्द्यावर मी शंभर टक्के तुमच्या बाजूनं. ज्या पीसीवर पोट आहे त्याला हात लावायचा नाही. माझ्याही दुकानात सहीचं डोंगल विंडोजवरच आहे. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत नावनोंदणी करून सुरक्षेचे अपडेट घेता येतात, तेवढ्या काळात नव्या मशीनची तजवीज करा. मी बोलतो आहे ते घरच्या, पोरांच्या पीसीबद्दल.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र पटत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा आकडा पहिल्यांदाच तीनच्या वर गेला हे खरं. पण पूर्वी हे लोक पन्नास तऱ्हेच्या मशीनवर विखुरलेले होते, आता त्यातला मोठा भाग एकाच डेकवर आहे. कंपनीला एका यंत्रावर गेम तपासणं परवडतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हनं नवं स्टीम मशीन जाहीर केलं, तेही स्टीमओएसवर. सोबत स्टीम फ्रेम हा डोळ्यांवर लावायचा हेडसेट, त्यात तर मोबाइलसारखी एआरएम चिप. म्हणजे विंडोजच्या गेमचं भाषांतर आता प्रोसेसरच्या पातळीवरही करावं लागणार, आणि फेक्स नावाच्या प्रकल्पातून ते चालू आहे. थांबलेल्या गोष्टीत कंपन्या असा पैसा घालत नाहीत.

रणगाडा_पुसद

भाऊ, एक इचारतो, राग नोका मानू. क्रॅक केलेले गेम चालतात काय लिनक्सवर? इतके पैशे आमच्यापाशी नाईत.

कापूसगाठ

राग कायचा भाऊ. पण त्यात मी मदत करत नाही, दुकानातही नाही. क्रॅकसोबत काय काय येतं ते मी रोज पुसत बसतो: कुणाचं इन्स्टाग्राम गेलं, कुणाच्या बापाच्या बँकेचा पासवर्ड गेला. आणि प्रोटॉनच्या आत चाललेल्या विंडोजच्या फाइललाही तुमचा होम फोल्डर दिसतो, म्हणून लिनक्सवर आहे तर काय होतं, असं समजू नका.

पैशाचं म्हणाल तर स्टीमवर किमती रुपयांत असतात, यूपीआय चालतं. दिवाळीच्या सुमारास आणि डिसेंबरात सेल लागतात तेव्हा जुने चांगले गेम एका सिनेमाच्या तिकिटाच्या पैशात मिळतात. इच्छायादीत टाकून ठेवा, भाव उतरला की मेल येतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा राजी हा गेमही असाच यादीत टाकून ठेवा, आपल्याकडच्या पोरांनी केलेला आहे. तुमच्या पीसीचं मॉडेल सांगा, काय काय चालेल त्याची यादी मी देतो.

रणगाडा_पुसद

डेल ऑप्टिप्लेक्स ७०५०, आय-फाइव्ह ७५००, ८ जीबी. कार्ड नाई.

कापूसगाठ

उत्तम मशीन आहे. आधी एक काम करा, रॅम बघा. ८ जीबीची एकच कांडी असेल तर तसलीच दुसरी टाका. चिपमधल्या ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. दोन कांड्यांनी त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो.

वणीची_खाण

कार्ड काढलं, केबल मदरबोर्डला लावली. हेडिस सुरू झाला! सेटिंग कमी आहे पण अडकत नाही. आता कार्ड घ्यायचंच झालं तर कोणतं? माझा सीपीयू आडवा, बारका आहे, आत जागा कमी आणि पॉवर सप्लायला जादा वायर नाही.

धानपट्टा

सेकंडहँड आरएक्स ५५०, चार जीबी. साधारण ५० वॉट घेतं, स्लॉटमधूनच भागतं, वेगळी वायर लागत नाही. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो, काही टाकावं लागत नाही, आणि व्हल्कन १.३ आहे. फक्त अर्ध्या उंचीचं मागा आणि सोबत कार्ड डब्याला अडकवायची छोटी पट्टी आहे ना ते बघून घ्या. मोठ्या पट्टीचं कार्ड तुमच्या डब्यात बसणार नाही.

कापूसगाठ

छोटी पट्टी नसली तरी कार्ड सोडू नका. माझ्याकडे जुन्या कार्डांच्या चार-पाच पडल्या आहेत, एखादी बसेल. आरएक्स ५५० ला एचडीएमआयचं तोंड पट्टीच्या कोणत्या बाजूला आहे त्याचा एक फोटो इथं टाका, मी जुळवून ठेवतो.